छत्तीसचं बत्तीस

बेळगावच्या वडगावात अक्काताईला ओळखत नाही असं माणूस दाखवायचं तर ते बाहेरगावाहून आणावं लागेल. घरात दोन पॉवरलूम. नवरा जोतिबा दिवसभर मागावर. मागांचा खडखडाट असा, की घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. अक्काताई कुणाच्या कानात काही सांगायला लागली की समोरची गल्ली हातातलं काम थांबवून ऐकायची.

घरी विणलेल्या साड्यांचं गठुडं घेऊन ती येळ्ळूर, कडोलीपासून पार सदलगा, निपाणीपर्यंत दारोदार फिरली होती. साडी विकायची म्हणजे आत जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, लेकीसुनांची चौकशी करायची. त्या चौकशीतनंच तिचा दुसरा उद्योग सुरू झाला आणि बघता बघता पहिल्यापेक्षा मोठा झाला. ती सोयरिकी जुळवायला लागली.

अक्काताई खोटं बोलते असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं, तर त्याला तिनं पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता. तिचं म्हणणं सरळ होतं. साडी दाखवताना कुणी आधी आतल्या गाठी दाखवतं का? पदर वर ठेवून घडी घालायची. त्याच हिशोबानं दिवसभर पानपट्टीवर उभा राहणारा मुलगा तिच्या तोंडी ‘बिझनेस लाइनला’ असायचा. तीन खोल्यांत चौदा माणसं राहत असतील तर ‘घर कसं भरलेलं’ असायचं. कुणाशी न बोलणारी मुलगी शांत, सगळ्यांशी भांडणारी स्पष्ट. आणि वय तर तिच्या हातात आलं की तीनचार वर्षांनी हलकंच व्हायचं.

“माझ्या एका शब्दानं दोन घरांचं भलं होतंय,” ती म्हणायची, “मग त्यो शब्द खोटा कसा?”

जोतिबाला हे पटत होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. त्याला मागाच्या आवाजात ऐकूच यायचं नाही, किंवा तो तसं दाखवायचा.

एका सकाळी निपाणीच्या सोनाबाई तिच्याकडं आल्या, त्या डोळे पुसतच. त्यांचा मुलगा नागेंद्र एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. नोकरी पक्की, घर स्वतःचं, दिसायला नीटस. केस तेवढे कपाळावरनं मागं सरकले होते. तरी लग्न जमेना.

“मग अडतंय कुठं?” अक्काताईनं विचारलं.

“त्येच्या तोंडात. खोटं बोलत न्हाई ओ त्यो.”

“मग चांगलंच की.”

“आक्का, तुमास्नी कळंना झालंय. *अजिबात* खोटं बोलत न्हाई!”

अक्काताई हसली. असली किती तोंडं तिनं बघितली होती! “त्येनं नुसतं बसायचं,” ती म्हणाली. “बोलायला मी हाय न्हवं?”

पुढच्या रविवारी सदलग्याला मुलगी बघायला गेले. घर चांगलं, माणसं आदबशीर. उप्पीट आलं, चहा आला. मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला तशी अक्काताईनं सूत्रं हातात घेतली.

“मुलगा बत्तीसचा.”

“छत्तीस,” नागेंद्र म्हणाला.

“छत्तीस त्येंचा घर नंबर,” अक्काताई हसत म्हणाली.

“घर नंबर एकशे बारा आहे,” नागेंद्र म्हणाला. “छत्तीस वय आहे.”

सोनाबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीच्या वडिलांनी विषय बदलावा म्हणून विचारलं, “व्यसन वगैरे काय न्हाई न्हवं?”

“चहाचं आहे. एकदा मित्राच्या लग्नात दारू घेतली होती.”

“सर्दी झालती त्येला,” अक्काताई घाईनं म्हणाली. “औषध म्हणून.”

“सर्दी नव्हती आक्का, उत्सुकता होती. चव आवडली नाही. तरी दुसरा ग्लास संपवला. का संपवला ते मला अजून नीट सांगता येत नाही.”

मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. एवढ्यावर थांबला असता तरी अक्काताईनं ओढून नेलं असतं. पण नागेंद्रनं खिशातनं मोबाइल काढला. “आणखी एक. मी घोरतो. तोंडी सांगून नीट कल्पना येत नाही, म्हणून रेकॉर्ड करून आणलंय.”

आणि त्यानं ते लावलं. मागांच्या खडखडाटात जन्म घालवलेली अक्काताईसुद्धा दचकली. आतल्या खोलीत कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसलं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

“कळवतो,” मुलीचे वडील म्हणाले. ‘कळवतो’ म्हणजे काय, ते अक्काताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये सोनाबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. अक्काताई नागेंद्रशेजारी बसली आणि बस सुटायच्या आधीच ती सुटली.

“काय मिळालं रं तुला? तुझी आई बग. आणि ती पोरगी किती ग्वाड होती! माझ्या बत्तीसनं कुणाचं काय जात होतं?”

नागेंद्र चिडला नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरानं चांगली शंका काढावी तसा त्याचा चेहरा उजळला. “आक्का, तुम्ही देवाधर्माचं सोडा, पापपुण्याचं सोडा. नुसता विचार करा. सगळ्याच मध्यस्थांनी छत्तीसचं बत्तीस सांगितलं तर काय होईल?”

“सांगत्यातच की सगळी.”

“मग ऐकणारा काय करतो?”

“त्येला ठावंच असतंय. बत्तीस म्हटलं की त्यो मनात चार मिळवतोय.”

“म्हणजे छत्तीस समजतो.”

“व्हय! म्हंजे खरंच पोचलं की त्येच्यापातूर!” अक्काताईनं मांडीवर थाप मारली. “आणि तू छत्तीस सांगिटलास, तवा त्येनं चाळीस धरलं. आता खोटं कोण बोललं? तू का मी?”

नागेंद्र बोरगाव येईपर्यंत हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत बसला. अक्काताईला वाटलं, संपलं. तिनं पिशवीतनं शेंगा काढल्या, अर्ध्या त्याला दिल्या. बोरगावला निम्मी बस उतरली, निम्मी चढली, आणि तो म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. पण मग जो खरंच बत्तीसचा आहे, त्यानं काय सांगायचं?”

“अठ्ठावीस.”

“आणि त्याला खोटं बोलायचंच नसलं तर?”

“तर बसू दे बोंबलत.”

“तेच म्हणतोय,” नागेंद्र म्हणाला. “खोटं चालतं ते खऱ्याच्या जिवावर. आपण ते इतकं वापरलं, की आता खरं सांगणाऱ्याला जागाच राहिली नाही. हे चूक आहे असं मी म्हणतो ते मला तसं वाटतं म्हणून नाही. तुम्ही विचार केलात तरी तिथंच पोचाल. कानडी माणसानं केला तरी तिथंच.”

“शेंगा खा,” अक्काताई म्हणाली.

ते प्रकरण तिनं तिथंच सोडलं. असली दोन-चार गिऱ्हाइकं हातातनं निसटायचीच. शिवाय आता तिला घरचंच कार्य काढायचं होतं. धाकटी लेक करिष्मा चोवीस वर्षांची झाली होती. बीकॉम झालेली, डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी, चार माणसांत उठून दिसणारी पोरगी. दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं जमवणाऱ्या बाईला आपल्या पोरीचं काय अवघड? हिच्या बाबतीत तर काही झाकायचंही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच अक्काताईच्या हातात गाठी नसलेली साडी आली होती.

पहिली पाहुणी आली. अक्काताई अभिमानानं म्हणाली, “मुलगी चोवीसची.”

पाहुणीनं बोटांवर मोजलं. “म्हंजे अठ्ठावीस.”

“न्हाई ओ, चोवीसच. दहावीचं सर्टिफिकेट बगा की.”

पाहुणीनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं. “झेरॉक्सची दुकानं लई झाल्यात ओ हल्ली.”

दुसऱ्यांना सांगितलं, पोरीला स्वयंपाक येतो. त्यांनी कुठल्या हॉटेलातनं मागवता ते विचारलं. तिसऱ्यांना तिनं सांगितलं की पोरगी पटापटा बोलते, हुशार आहे. त्यांनी उठता उठता जोतिबाला बाजूला घेऊन विचारलं, “भांडकुदळ हाय व्हय ओ?” अक्काताईनं जे जे खरं सांगितलं ते ते लोकांनी सवयीनं उलगडून, त्यात चार मिळवून किंवा वजा करून घेतलं. एकदा तर रागानं तिनं वीस सांगितलं, म्हणजे मिळवून तरी चोवीस येईल. त्या माणसांनी आठ मिळवले.

शेवटी शहापूरच्या बसवंतआप्पांचं घर आलं. त्यांचा मुलगा अमृत उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीन शॉपला होता. मुलानं करिष्माला दवाखान्यात आधीच बघितलं होतं, आईचा चष्मा आणायला म्हणून गेला होता तेव्हा. त्यानंतर आईच्या चष्म्याची काडी दर आठवड्याला सैल व्हायला लागली होती. म्हणजे मुलगा राजी, मुलीचीही ना नव्हती. अडलं ते आप्पांवर. कारण आप्पांच्या पुतण्याची सोयरीक अक्काताईनंच जमवली होती. सून ‘शांत’ म्हणून आली होती. आता नळावर तिचा आवाज आला की बाकीच्या बायका घागरी घेऊन मागं सरकतात.

“आक्काताई, मुलगी आमाला पसंत पडंल असं वाटतंय,” आप्पा म्हणाले. “पण तुमच्या शब्दावर न्हाई. दुसरं कुणीतरी सांगू दे. तुमचं नातेवाईक सोडून.”

अक्काताईनं एकेक नाव घेतलं. आप्पा प्रत्येक नावाला मान हलवत गेले. सगळ्यांनाच तिनं कधी ना कधी सोयरिकीत हाताशी धरलं होतं. शेवटी ती वैतागून म्हणाली, “मग काय त्या निपाणीच्या घोरणाऱ्याला आणू?”

आप्पा सरसावून बसले. “त्यो? मोबाइलवर घोरणं ऐकवलेला?” सदलग्याची गोष्ट शहापूरपर्यंत कधीच पोचली होती. “त्यो सांगंल तर मी ऐकतो.”

अक्काताईला हे बोलून गेल्याचा पश्चात्ताप झाला, पण आता इलाज नव्हता. तिनं नागेंद्रला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “पण आक्का, मी तुमच्या मुलीला ओळखत नाही. न ओळखता कसं सांगू?”

“मग वळख की! ये हिकडं!”

तो लागोपाठ तीन रविवार आला. करिष्माच्या शाळेतल्या बाईंना भेटला, शेजारपाजार विचारून आला, रविवारी सकाळी चालू असणाऱ्या तिच्या दवाखान्यात जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेतले, त्यात त्याला नंबर निघाला. दुपारी जेवायला बसायचा आणि करिष्माला प्रश्न विचारायचा. अक्काताईनं त्याच्यापुढं कुंद्याचा डबा ठेवला. त्यानं एक चमचा खाल्ला आणि सांगितलं, याचा परिणाम होणार नाही. तिसऱ्या रविवारी आतल्या घरातनं भांडं आपटल्याचा आवाज आला आणि नागेंद्र ओल्या शर्टानं बाहेर आला. अंगाला ताकाचा वास.

अक्काताईनं त्याला पायरीवर गाठलं. “हे सांगणार न्हाईस न्हवं?”

“विचारलं तर सांगणार.”

“आणि न्हाई विचारलं तर?”

नागेंद्र शर्ट पिळता पिळता थांबला. “सदलग्याहून आल्यापासून मी त्याच्यावर विचार करतोय. खोटं बोलू नये, एवढं विचारानं ठरतं. पण न विचारलेलं सगळं सांगत सुटावं असं काही ठरत नाही. ते घोरण्याचं...” तो जरा ओशाळला. “तो खरेपणा नव्हता आक्का. ती माझी हौस होती.”

अक्काताईला त्याची पहिल्यांदाच कीव आली. “टावेल देऊ का?”

“करिष्मानं दिला.”

बसवंतआप्पा अमृतला घेऊन आले त्या दिवशी अक्काताईनं देवापुढं एकच मागणं मागितलं: स्वभावाचं विचारू नको. नागेंद्र मधल्या खुर्चीवर बसला होता. आत माग चालू होते, म्हणून आप्पा ओरडूनच विचारायला लागले.

“वय?”

“चोवीस. शाळेतल्या बाईंकडनं खात्री केली.”

“स्वयंपाक?”

“आमटी उत्तम. भाकरी जाड.”

“माणसांत कशी हाय?”

“म्हाताऱ्या पेशंटना हात धरून आत नेते. जे रांग मोडतात त्यांना नेत नाही.”

आप्पांनी मान डोलावली. मग अमृतकडं बघितलं, अक्काताईकडं बघितलं, आणि विचारलं, “आणि स्वभाव? शांत हाय का?”

त्याच क्षणी आतले माग बंद झाले. जोतिबानं बटण दाबलं होतं. दिवसाउजेडी त्या घरात इतकी शांतता कधी झाली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ आवाज करतं हे अक्काताईला तेव्हा कळलं. तिनं नागेंद्रकडं डोळे वटारून बघितलं. आणि बघता बघता तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. त्यानं ‘शांत’ म्हणावं असं तिला वाटत होतं, जीव तोडून वाटत होतं. पण त्यानं तसं म्हटलं असतं, तर तो तिच्या मनातनं उतरला असता. पोरीचं लग्न जमलं असतं तरी उतरला असता. असं का, हे तिला कळेना, आणि आता विचार करायला वेळही नव्हता.

“नाही,” नागेंद्र म्हणाला. “रागीट आहे. माझ्या अंगावर ताकाचा तांब्या ओतला.”

अक्काताईनं कपाळाला हात लावला.

“का म्हणून?” आप्पांनी विचारलं.

“मी तिला विचारलं, की आईसारखं तूही वय कमी करून सांगतेस का.”

“मग?”

“मग तिनं टॉवेल दिला आणि म्हणाली, माफी मागणार नाही, तुमचा प्रश्नच तसा होता. मी घरी जाऊन विचार केला. मला तिचं बरोबर वाटलं. आईबद्दल तसं लेकीला विचारायचं नसतं.”

अमृत इतका वेळ मान खाली घालून बसला होता. त्यानं हळूच विचारलं, “माझ्याबद्दल काय म्हणाली का ओ?”

“म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण चपला घासत चालतो.”

आप्पा हसायला लागले. अंग गदगदा हलेपर्यंत हसले. “मी ह्येला ल्हानपणापासनं सांगतोय! पाय उचल, पाय उचल!” मग त्यांनी डोळे पुसले. “आक्काताई, रागीट पोरगी चालतीया आमाला. घरात एक हायच, दुसरीला सोबत हुईल. पण सुळ्ळ ब्याडा. खोटं तेवढं नको. बोलवा पोरीला.”

सुपारी त्याच महिन्यात फुटली.

लग्नाच्या गडबडीत एक दिवस अक्काताई नागेंद्रला पत्रिका द्यायला निपाणीला गेली. सोनाबाईंनी चहा ठेवला. अक्काताईच्या पोटात एक प्रश्न बरेच दिवस फिरत होता.

“समज, त्या दिवशी मोडलं असतं. तर?”

“तरी मी सांगितलं ते बरोबरच होतं.”

“म्हंजे लगीन जमलं म्हणून बरोबर, असं न्हाई.”

“नाही.”

“मग कुणाच्या हिशोबानं बरोबर? तुझ्या?”

“कुणाच्याच हिशोबानं नाही आक्का. किलोसारखं आहे ते. शहापुरात किलो तेवढाच, निपाणीत तेवढाच. कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात गेलात तरी तेवढाच.”

“बाजारात बसलायस कधी?” अक्काताई म्हणाली. “किलो एकच असंल. काटे न्हाईत.”

“बरोबर. पण काटा खोटा आहे हे तुम्हाला कळतं ना? खरा किलो नसताच, तर काटा खोटा कशावरनं ठरवला असता?”

अक्काताईनं चहा संपवला. बशीतला शेवटचा घोटही घेतला. तिला त्या दिवशी माग बंद झाल्यावरची ती शांतता आठवली. “मोडलं असतं तर तुला पायरीवरनं ढकलला असता मी,” ती म्हणाली. “पण चुकला, असं म्हणता आलं नसतं. एवढं खरं.”

नागेंद्रनं ही कबुली पुरे मानली. सोनाबाईंना मात्र यातलं काहीच पुरे नव्हतं. “किलोचं ऱ्हाऊ दे आक्का,” त्या आतनं म्हणाल्या. “ह्येचं कवा?”

अक्काताईनं मनावर घेतलं. खानापूरकडची पूर्णिमा नावाची शिक्षिका होती, चौतीस वर्षांची, बऱ्याच ‘कळवतो’तनं गेलेली. अक्काताईनं दोन्हीकडं खरी वयं सांगितली. दोन्हीकडच्यांनी चार-चार मिळवले आणि हे आकडे एकमेकांना शोभतात म्हणून बघायला तयार झाले.

पूर्णिमानं ट्रे ठेवला, समोर बसली आणि कुणी काही विचारायच्या आत नागेंद्रला म्हणाली, “तुम्ही खरंच बोलता म्हणे. मग सांगा, मी दिसायला कशी आहे?”

खोलीतल्या सगळ्या माणसांनी एकदम खाली बघितलं. सोनाबाईंनी लेकाचा गुडघा दाबला. नागेंद्रनं नवा चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तिच्याकडं नीट बघितलं.

“आत आलात तेव्हा ठीक वाटलात,” तो म्हणाला. “बोलायला लागलात तेव्हापासून जास्त चांगल्या वाटताय.”

पूर्णिमानं ते ऐकून घेतलं. “मलाही तुम्ही ठीकच वाटलात. बोलायला लागल्यावर थोडे कमी.” आणि ती हसली. नागेंद्रही हसला, आणि त्याला असं हसताना कधी बघितलं होतं ते सोनाबाईंनाही आठवेना.

उन्हाळ्यात लग्न झालं. पूर्णिमा वेगळ्या खोलीत झोपते असं सोनाबाई सांगतात. भांडण नाही, फक्त झोप लागत नाही म्हणून. सकाळी उठून दोघं चहा घेत वाद घालतात आणि कॉलेजला, शाळेला उशीर करतात.

अक्काताईचा उद्योग त्यानंतर जरा मंदावला. वय ती आता वाढवत नाही, कमी करत नाही. स्वभावाचं सांगताना मात्र जीभ अजून अडखळते. जुन्या सवयीनं ‘शांत’ ओठांवर येतं आणि मग ती ठसका लागल्याचं सोंग करते. जुनी काही गिऱ्हाइकं तुटली. मुलांच्या आयांना ती आवडेनाशी झाली, कारण मुलाबद्दलचं खरं त्यांना घरी ठाऊक असतं, पण बाहेर ऐकवत नाही.

परवा ती कडोलीला एका मुलाच्या घरी बसली होती. मुलाची आई शेजारीच होती. मुलीकडच्यांनी विचारलं, “मुलगा कसा हाय?”

“मनानं चांगला,” अक्काताई म्हणाली. “पण आळशी.”

मुलाच्या आईनं चहाचा कप तिच्या पुढ्यातनं उचलला. मुलीची आई मात्र पुढं सरकली. आतापर्यंत आलेली सगळी मुलं कष्टाळू होती, त्यामुळं तिला पहिल्यांदाच काहीतरी ऐकावंसं वाटलं.

“किती आळशी?” तिनं विचारलं.

अक्काताईनं पाय पोटाशी घेतले, भिंतीला नीट टेकली आणि सविस्तर सांगायला बसली.